संत फ्रान्सिस झेवियर आणि सोडलेले वतन

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे, असा मंडळाचा आग्रह पडला आणि ते काम आमच्याकडे आले. कोणाचे चरित्र लिहावे ह्याचा विचार करीत असता आमच्या कार्यालयात वर्षभर येणारी माणसे डोळ्यांपुढून गेली. बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास पुष्कळ येतात. परंतु अलीकडे तो दाखला संस्कारासाठी क्वचित, आणि सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी वारंवार मागितला जातो. नाशिकच्या आसपास द्राक्षांच्या बागा झाल्या, शहर वाढत वाढत शिवाराला येऊन भिडले, आणि ज्या वावराकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते त्याच्या बांधावरून आज सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढत आहेत. रविवारी एकाच मिस्सेला येणारी, एकाच वेदीवरून प्रभूचे शरीर घेणारी ही भावंडे दारातून बाहेर पडताना एकमेकांकडे पाहत नाहीत, हे दुःख आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आहो. म्हणून ज्यांनी हाती आलेले वतन समजून उमजून सोडले अशा एका संताची कथा सांगावी, असे आमच्या मनाने घेतले. ते संत म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीचे संत फ्रान्सिस झेवियर.

ह्या संतांचे नाव ज्याने ऐकले नाही असा कॅथलिक मनुष्य आपल्या महाराष्ट्रात सापडणे कठीण. ता. 21 नोव्हेंबर 2024 पासून ता. 5 जानेवारी 2025 पर्यंत जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, तेव्हा आपल्यातीलही कित्येक कुटुंबे जाऊन आली. त्यांचे समुद्रप्रवास, त्यांनी दिलेले असंख्य बाप्तिस्मे, त्यांच्या नावाने सांगितले जाणारे चमत्कार हे सर्व आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु ते कोणत्या घरात जन्मले, त्या घरावर कोणते प्रसंग गुदरले, आणि कोणते कागद त्यांनी हाती येऊनही बाजूस ठेविले, हे थोड्यांसच ठाऊक असते. तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ता. 7 एप्रिल 1506 रोजी नवारा नावाच्या राज्यात झेवियरच्या गढीत झाला. नवारा हे स्पेन व फ्रान्स ह्या दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये, पिरिनीज पर्वताच्या कुशीत वसलेले लहानसे राज्य होते. वडील हुआन दे हासो हे इटलीतील बोलोन्याच्या विद्यापीठातून कायद्याचे पंडित होऊन आलेले, आणि राजाच्या दरबारी मंडळाचे प्रमुख होते. परंतु गढी, तिच्याभोवतालची शेते व कुरणे ही वडिलांची नव्हती; ती आई मारिया दे आस्पिलक्वेता ह्यांच्याकडून आलेली होती. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या झेवियर नावाने आपण आज ह्या संतांस हाक मारितो, आपल्या मुलांची नावे ठेवितो, ते नाव एका मुलीस मिळालेल्या वारशाचे आहे.

फ्रान्सिस हे भावंडांत सर्वांत धाकटे. ते सहा वर्षांचे असता, 1512 साली, स्पेनच्या फर्डिनंड राजाच्या फौजांनी नवारा जिंकले. राजा परागंदा झाला, आणि त्याच्या चाकरीत असलेल्या ह्या घराण्याचे दिवस फिरले. 1515 साली वडील वारले. पुढल्याच वर्षी नवाराचे राज्य परत मिळविण्याचा एक प्रयत्न फसला, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून कार्डिनल सिस्नेरोस ह्यांच्या हुकुमाने झेवियरच्या गढीचे बुरूज व तट पाडण्यात आले, खंदक बुजविण्यात आले. राहण्यापुरते घर तेवढे उरले. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराच्या भिंती कोसळताना पाहिल्या. मिगेल व हुआन हे दोघे वडील भाऊ जुन्या राजाच्या पक्षाने लढत राहिले, आणि 1524 साली क्षमा होऊन घरी परतेपर्यंत विधवा आईने एकटीने संसार ओढिला.

संसार ओढणे म्हणजे त्या काळीही मुख्यतः कज्जे लढणे. गढी पडलेली पाहून शेजाऱ्यांचा धीर वाढला. डोंगरातले मेंढपाळ आपले कळप ह्या घराण्याच्या कुरणांतून हाकीत नेत, व त्यांजकडून जकात घेण्याचा घराण्याचा हक्क होता. तो हक्क नाकारला जाऊ लागला. बांध सरकले, कुरणे वादात पडली, आणि त्या माउलीस वारंवार न्यायासनापुढे उभे राहावे लागले. आपल्याकडे विधवेच्या शेताचा बांध कोरणारे लोक असतात, हे सांगावयास नको. फ्रान्सिस ह्यांचे बालपण पुराव्याचे कागद, साक्षी आणि निकालाची वाट पाहणे ह्यांत गेले. मालमत्ता काय चीज आहे आणि ती गेली म्हणजे घराचे काय होते, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या देशाच्या रीतीप्रमाणे अशा घराण्याची गढी व जमीन तुकडे न पडता एकाच्या हाती राहत असे, आणि येथे ती थोरले बंधू मिगेल ह्यांच्याकडे गेली. धाकट्या मुलास दोनच वाटा मोकळ्या असत. एक तलवारीची, दुसरी चर्चची. त्या काळी चर्चमधील कित्येक पदांना जमिनीचे व दशमांशाचे उत्पन्न जोडलेले असे. आपल्याकडे पाटीलकीला किंवा कुलकर्णाला जसे वतन असे, तसेच ते एक वतन होते. पद मिळाले की उत्पन्न आजन्म चालू. फ्रान्सिस ह्यांनी दुसरी वाट धरिली, परंतु ती ईश्वरी हाकेने धरिली असे म्हणता येणार नाही. विद्या संपादावी, मोठे पद मिळवावे आणि घराण्याची गेलेली प्रतिष्ठा परत आणावी, हाच त्यांचा मनोदय होता. आम्ही हे लपवीत नाही; संत हे जन्मतः संत नसतात.

1525 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पॅरिसच्या विद्यापीठात संत बार्बरेच्या महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांच्या खोलीत पीटर फेबर नावाचा सव्हॉय प्रांतातील एक सालस तरुण होता. लहानपणी त्याने मेंढरे राखिली होती. मेंढपाळांकडून जकात वसूल करणाऱ्या घराण्याचा मुलगा आणि मेंढरे राखलेला मुलगा असे एका छपराखाली राहू लागले. फ्रान्सिस हुशार होते, खेळात चपळ होते, आणि खर्चिकही होते. घरून पैसे वेळेवर येत नसत, कारण घरीच ओढाताण होती. आई 1529 साली वारली. त्यांची बहीण मॅग्दालेना हिने पूर्वीच राणीच्या दरबारातील मानाचे स्थान सोडून गांदिया येथील क्लॅरिस्ट मठात प्रवेश केला होता, व तेथे ती मठमाता झाली होती. धाकट्याचे शिक्षण बंद करू नये, त्याच्या हातून ईश्वराचे मोठे कार्य व्हावयाचे आहे, असे तिने घरी कळविल्याची परंपरा आहे.

1530 साली फ्रान्सिस विद्यापीठाची पदवी मिळवून दुसऱ्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. आता वतन मिळविण्याची वेळ आली. मातृभूमीतील पाम्प्लोना शहराच्या महामंदिरात कॅनन म्हणून नेमणूक व्हावी, अशी त्यांची दृष्टी होती. हे पद मानाचे, उत्पन्न भरपूर आणि घर जवळ. त्यासाठी आपण चारी बाजूंनी कुलीन घराण्यातले आहो हे न्यायालयापुढे सिद्ध करणे आवश्यक होते. 1531 साली त्यांनी पॅरिसमध्ये नोटरीसमोर मुखत्यारपत्र करून दिले आणि नवाराच्या न्यायालयात त्यांच्या वतीने दावा चालू झाला. साक्षीदार, वंशावळ, जुने दस्तऐवज, सर्व काही रीतसर.

दावा तिकडे चालू असता इकडे पॅरिसमध्ये त्यांच्या आयुष्यात दुसराच एक मनुष्य आला. इग्नेशियस लोयोला हे वयाने पंधरा वर्षांनी वडील, एका पायाने लंगडत चालणारे, भिक्षेवर शिकणारे विद्यार्थी होते. 1521 साली पाम्प्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करीत असता तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला होता; आणि ज्या पक्षाच्या तोफेने तो मोडला, त्याच पक्षाचे झेवियर बंधू होते. म्हणजे घराण्याचे जुने वैर. फेबर लवकरच इग्नेशियस ह्यांचा शिष्य झाला, परंतु फ्रान्सिस त्यांची थट्टा करीत. इग्नेशियस रागावले नाहीत. त्यांनी फ्रान्सिस ह्यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, अडचणीच्या वेळी पैशाची मदत केली, आणि मनुष्याने सगळे जग मिळवून आत्मा गमावला तर त्यास काय लाभ, हा प्रभू येशूचा प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेविला. पाण्याच्या थेंबाने दगडास घर पडावे तसे झाले. ता. 15 ऑगस्ट 1534 रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, पॅरिसबाहेरील मोंमार्त्र टेकडीवरच्या एका लहान मंदिरात फेबर ह्यांनी मिस्सा अर्पिली, कारण त्या सातांत तेवढेच दीक्षित धर्मगुरू होते. आणि सातही जणांनी दारिद्र्याचे व शुद्धतेचे व्रत घेतले. फ्रान्सिस त्या सातांतले एक होते.

येथे विशेष ते असे की न्यायालयातील दाव्याचे चाक फिरतच राहिले होते. 1536 सालच्या ऑगस्टात निकाल लागला. फ्रान्सिस ह्यांचे कुलीनत्व सिद्ध झाले. निकालपत्र तयार झाले. पाम्प्लोनाचे कॅननपदही त्यांच्यापुढे आले. ज्या गोष्टीसाठी घराण्याने पाच वर्षे खटपट केली, ती हाती आली. त्यांनी ती घेतली नाही. ता. 15 नोव्हेंबर 1536 रोजी इतर साथींबरोबर ते पायी व्हेनिसच्या वाटेला लागले. खांद्यावर पडशी, गळ्यात जपमाळ. ऐन हिवाळ्यात फ्रान्स, जर्मनी व आल्प्सचे घाट ओलांडून ते जानेवारीत व्हेनिसला पोचले, आणि ज्यांना कोणी हात लावीत नसे अशा असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात सेवेस राहिले. पुढे ता. 24 जून 1537 रोजी त्यांस धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

वाचकहो, ह्या ठिकाणी आम्ही क्षणभर थांबतो. हक्क नसलेल्या मनुष्याने हक्क सोडला म्हणून सांगणे सोपे आहे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही गोष्ट नाशिककरांना आम्ही सांगावी असे नाही. फ्रान्सिस ह्यांचा हक्क प्रथम सिद्ध झाला, कागद पूर्ण झाला, कोणीही त्यांजवर दडपण आणिले नाही, उलट आप्तांची इच्छा त्यांनी पद घ्यावे अशीच होती. आणि मग त्यांनी आपल्या खुशीने हात मागे घेतला. त्याग म्हणतात तो ह्याला. जेथे हक्कच मान्य केला जात नाही, किंवा जेथे सोडावयास भाग पाडले जाते, तेथे त्याग नसतो. तेथे दुसऱ्या कोणाचा लोभ असतो.

1540 साली पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन ह्यांनी हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले. ज्यांस पाठवावयाचे ठरले होते ते बोबादिल्या आजारी पडले, म्हणून ऐन वेळी फ्रान्सिस ह्यांस आज्ञा झाली. एका दिवसाच्या अवधीत त्यांनी आपली फाटकी वस्त्रे शिवून घेतली. ता. 15 मार्च 1540 रोजी, रोम सोडण्यापूर्वी, त्यांनी एक लेख लिहून ठेविला. येशूसंघाला अद्याप परमगुरूंची लेखी मान्यता मिळावयाची होती. ती मिळेल तेव्हा आपण दूर देशी असू, म्हणून आपले मत इग्नेशियस ह्यांस आणि आपली दारिद्र्याची, शुद्धतेची व आज्ञापालनाची व्रते त्यांनी आगाऊच स्वहस्ते लिहून दिली. पॅरिसमध्ये नोटरीसमोर वतन मागणारा कागद करणाऱ्या हातानेच हा दुसरा कागद लिहिला.

लिस्बनला राजाने त्यांची सोय करण्याचा हुकूम दिला. आरमाराची सिद्धता पाहणारे सरदार प्रवासास काय काय पाहिजे त्याची यादी मागू लागले. फ्रान्सिस ह्यांनी काही पुस्तके आणि वाटेतील थंडीसाठी एक जाड लोकरी झगा एवढेच घेतले. सेवेस एक नोकर तरी न्यावा, परमगुरूंच्या प्रतिनिधीने गलबतावर स्वतःची वस्त्रे धुणे शोभणार नाही, असे सरदाराने समजाविले. तसल्या शोभेच्या कल्पनेनेच चर्चची दुर्दशा झाली आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी नोकर नाकारिला. ता. 7 एप्रिल 1541 रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते गलबतावर चढले, आणि ता. 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले.

त्यांच्याजवळ परमगुरूंची आज्ञापत्रे होती. त्यांच्या जोरावर पूर्वेकडील सर्व मुलखांत त्यांस मोठा अधिकार होता. गोव्याचे महागुरू आल्बुकेर्क ह्यांच्यापुढे ती ठेवून, आपल्या संमतीवाचून मी ह्यांचा उपयोग करणार नाही, असे त्यांनी नम्रपणे कळविले. ह्याही वेळी कागद खरा, हक्क पक्का, आणि हात आपण होऊन मागे. राहण्यास त्यांनी रुग्णालयातील जागा पसंत केली, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुले व गुलाम ह्यांस धर्मोपदेशाला बोलावू लागले.

गोव्याच्या ह्याच काळातील एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. तेथे देशी तरुणांच्या शिक्षणासाठी 1541 साली जी संस्था निघाली व जी पुढे संत पॉलचे महाविद्यालय म्हणून येशूसंघाकडे आली, तिच्या खर्चास गोवा बेटावरील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून दिले होते. गावकऱ्यांची संमती कागदावर घेतली गेली होती. परंतु तलवार कोणाच्या कमरेला होती हे सर्वांस ठाऊक होते. ही व्यवस्था फ्रान्सिस येण्यापूर्वीची. तरी त्यांनी ह्या संस्थेची प्रशंसा केली आहे, आणि हा दोष त्यांच्या ध्यानी आल्याचे दिसत नाही. ते आपल्या काळाचेच मनुष्य होते. आपण मात्र तो ओळखला पाहिजे. जे मोकळ्या मनाने दिलेले नाही ते दान नव्हे, मग ते घेणारा चर्च का असेना. संतांच्या जीवनातील जो नियम आपणांस इतका मोहवितो, तोच नियम लावून ह्या गोष्टीचाही न्याय केला पाहिजे.

स्वतःसाठी नाकारणारे फ्रान्सिस गोरगरिबांसाठी मागताना मात्र मुळीच संकोचत नसत. दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर परव नावाचे कोळी लोक राहतात. 1542 च्या अखेरीपासून ते त्यांच्यात राहिले, त्यांच्या भाषेत प्रार्थना पाठ केल्या, त्यांच्याप्रमाणे भात व मासळी खाऊन राहिले. ह्या लोकांकडून पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठी म्हणून दरसाल 4,000 फनम वसूल केले जात. ही रक्कम मुलांना धर्म शिकविणाऱ्या उपदेशकांच्या पगारासाठी फ्रान्सिस ह्यांनी मागून घेतली. स्वर्गाची चढण चढावयास ह्या मुलांच्या प्रार्थनांहून चांगली पादत्राणे राणीला मिळणार नाहीत, असा त्यांचा भाव होता. कोळ्यांचा पैसा कोळ्यांच्या मुलांकडे परत गेला. ज्याला स्वतःस काही नको असते, त्याचा मागण्याचा आवाज किती मोकळा होतो, हे येथे दिसते.

पुढल्या दहा वर्षांत ते मलाक्का, मोलुक्का बेटे, पुन्हा गोवा, असे अखंड फिरत होते. आपल्या महाराष्ट्रभूमीलाही त्यांचे पाय लागले. वसईस ते आले, आणि 1548 साली येशूसंघाचे कार्य तेथे सुरू झाले. ता. 15 ऑगस्ट 1549 रोजी ते जपानातील कागोशिमा बंदरी उतरले. तेथील एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. जपानात फाटक्या झग्यातील उपदेशकाला कोणी दाद देत नाही, असे अनुभवास आल्यावर त्यांनी 1551 साली यामागुची येथे आपली पद्धत बदलली. आपला मानाचा अधिकार प्रकट करून, चांगली वस्त्रे नेसून, तेथील अधिपती ओउची योशिताका ह्यांच्यापुढे ते गेले, व व्हाइसरॉय व महागुरू ह्यांची पत्रे, घड्याळ, वाद्य अशा देणग्या त्यांनी अर्पण केल्या. अधिपतीने उलट भेट म्हणून सोने व रुपे पुढे केले. फ्रान्सिस ह्यांनी ते घेतले नाही. आपल्या प्रजेस प्रभूचा धर्म सांगण्याची मोकळीक द्यावी, ज्यास तो पटेल त्यास तो स्वीकारू द्यावा, एवढेच त्यांनी मागितले. मोकळीक मिळाली, राहण्यास एक ओसाड मठही मिळाला, आणि काही महिन्यांत सुमारे पाचशे लोकांनी बाप्तिस्मा घेतला. वेष बदलला होता. मन बदलले नव्हते. फाटके कपडे हेच दारिद्र्य असा त्यांचा हट्ट नव्हता. कशास हात लावावयाचा नाही हे ज्यास नक्की ठाऊक आहे, त्यास रेशमी वस्त्र नेसूनही दरिद्री राहता येते.

जपानातून परतल्यावर चीनमध्ये जाण्याची ओढ त्यांस लागली. परदेशी मनुष्यास तेथे प्रवेश नव्हता. कँटनजवळील शांगचुआन नावाच्या बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत असता, त्यांस ताप भरला. पाल्यापाचोळ्याच्या खोपटात, अँटनी नावाच्या एका चिनी ख्रिस्ती तरुणाच्या सोबतीत, ता. 3 डिसेंबर 1552 रोजी पहाटे त्यांनी प्राण सोडिला. वय अवघे शेहेचाळीस. त्यांच्या गळ्यात एक लहानशी डबी होती. तीत प्रेषित संत थॉमस ह्यांच्या अस्थीचा कण, त्यांच्या स्वतःच्या व्रतांचा लेख आणि इग्नेशियस ह्यांची स्वाक्षरी होती. नवाराच्या न्यायालयाने दिलेले कुलीनत्वाचे निकालपत्र तेथे नव्हते. ज्या कागदाने वतन मिळाले असते तो मागे राहिला. ज्या कागदाने सर्व सोडले होते तो अखेरपर्यंत छातीशी राहिला. ता. 16 मार्च 1554 रोजी त्यांचा देह गोव्यास आला, आणि ता. 12 मार्च 1622 रोजी परमगुरू पंधरावे ग्रेगरी ह्यांनी इग्नेशियस ह्यांच्याबरोबरच त्यांस संतपद दिले.

आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? सर्वांनी आपापली वावरे सोडून द्यावी, असे आम्ही सांगत नाही. संसारी माणसाने आपल्या मुलाबाळांसाठी जपणे हे कर्तव्यच आहे, आणि संतांच्या मातेने आपल्या लेकरांच्या हक्कासाठी कज्जे लढविले तेही पुण्यच होते. आम्ही तीनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बहिणींविषयी. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 प्रमाणे, मृत्युपत्र न करिता बाप वारला तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे व मुली ह्यांस सारखा वाटा आहे. असे असता, बाप वारल्याला महिना होत नाही तोच बहिणीस गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या डोळ्यांत असते. सही झाल्यावर बहिणीने मोठा त्याग केला, असे आम्हांस सांगतात. बहिणीने आपण होऊन भावास दिले तर ती धन्य आहे. आम्ही तिचा हात धरणार नाही. परंतु आधी तिचा हक्क भावांनी तोंडाने कबूल करावा, हिशेब तिच्यापुढे ठेवावा, आणि मग तिला मोकळे सोडावे. बहीण मठात गेली म्हणून तिचा वाटा आपोआप भावांचा होतो, असाही एक समज आहे. तोही चुकीचा. आजन्म व्रते घेण्यापूर्वी तिने देशाच्या कायद्यास मान्य होईल असे मृत्युपत्र करावे, असे चर्चचा कायदाच सांगतो. तिचे काय करावे हे ती ठरवील.

दुसरी गोष्ट आम्हां धर्मगुरूंविषयी. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असता, एका वृद्ध गृहस्थांनी आपला घराजवळील भूखंड चर्चला बक्षीसपत्राने देण्याची इच्छा प्रकट केली. चर्चला जागेची निकड होती, आणि आमच्या मनास आनंद झाला हे आम्ही कबूल करितो. चौकशी करिता कळले की मुलींनी लग्न मनाविरुद्ध केल्याचा राग ते ह्या दानाने काढीत होते. कायद्याने बक्षीस पुरे होण्यास घेणाराने ते स्वीकारावे लागते. आम्ही वरिष्ठांस विचारून ते स्वीकारले नाही. गृहस्थ आम्हांवर रुसले व काही महिने मिस्सेला येईनासे झाले. पुढे थोरली मुलगी त्यांच्या आजारपणात येऊन राहिली. पूर्वी ख्रिस्ती मनुष्याने मरणाच्या सुमारास धर्मादायाकडे मालमत्ता ठेवू नये म्हणून कायद्यातच एक आडकाठी होती. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अन्यायाची ठरवून काढून टाकिली, आणि ते योग्यच झाले. पण कायद्याची आडकाठी गेली म्हणून सदसद्विवेकाची गेली नाही. कोणाच्या तरी तोंडचा घास काढून आलेल्या जमिनीवर वेदी बांधू नये.

तिसरी गोष्ट सर्वांविषयी. हक्क असणे एक, आणि प्रत्येक हक्क शेवटच्या वितीपर्यंत वसूल करणे दुसरे. बांधाचा हातभर तुकडा सोडल्याने भाऊ परत मिळत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा नाही. ज्युबिलीचे वर्ष म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे जमिनी मूळ मालकांकडे परत जाण्याचे व बंदिवान सुटण्याचे वर्ष. आपल्या मंदिरावर दिवे लागतील, मिरवणूक निघेल, भोजन होईल. ते सर्व व्हावेच. परंतु ह्या वर्षात आपल्या धर्मग्रामातील एक जरी जुना दावा आपसात मिटला, एका जरी बहिणीस तिचा वाटा न मागता मिळाला, तर ती आमच्या दृष्टीने खरी ज्युबिली होईल. तंटा मिटविण्यास बसावयाचे असेल त्यांस आमच्या कार्यालयाचे दार रात्रीही उघडे आहे.

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या विनवणीने परमेश्वर आपणां सर्वांस, जे आपले आहे ते जपण्याचे धैर्य, जे दुसऱ्याचे आहे ते देऊन टाकण्याचा प्रामाणिकपणा, आणि वेळ येईल तेव्हा हातचेही सोडण्याचे मोठे मन देवो. आमेन.